बीपी-कोलेस्टेरॉलवाल्यांच्या शिबिरात सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) ठेवावी का? कुठली, कधी, आणि आकडा वाढलेला आला तर पुढं काय?

पेठेतली_सिस्टर

नमस्कार मंडळी. आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या तालीम मंडळातर्फे गणेशोत्सवात रक्ततपासणी शिबिर घ्यायचं चाललंय. यंदा सरसकट सगळ्यांचं नाही. ज्यांना बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्हीचं निदान आधीच झालंय, अशा ३५ ते ७० वयाच्या लोकांचंच करायचंय. नर्सिंगची बाजू माझ्याकडे आहे.

एका लॅबनं दिलेल्या पॅकेजात लिपिड प्रोफाइल, सीआरपी, ईएसआर, होमोसिस्टीन, युरिक अ‍ॅसिड आणि डी-डायमर आहे. दुसऱ्या लॅबकडे फक्त लिपिड आणि एचएस-सीआरपी (जास्त बारकाईनं मोजलेली सीआरपी), पण त्यांचा दर माणशी जास्त पडतो. मंडळाच्या पोरांना पहिलं पॅकेज आवडलंय, कारण नावं जास्त आहेत. मला ते पटत नाही, पण नेमकं कारण मांडता यायला हवं.

माझे प्रश्न असे. साधी सीआरपी आणि एचएस-सीआरपी यात या लोकांसाठी खरंच फरक पडतो का? उपाशीपोटी बोलवायचं का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आकडा वाढलेला आला तर माणसाला काय सांगायचं? "अंगात सूज आहे" एवढं सांगून घरी पाठवलं तर तो थेट मेडिकलमध्ये जाऊन सुजेची गोळी मागणार.

सिरम_शाहूपुरी (लॅब टेक्निशियन)

सिस्टर, फरक पडतो, आणि या लोकांसाठी तर तोच सगळा मुद्दा आहे.

साधी सीआरपी ही न्यूमोनिया, जखमेतला पू, संधिवात असल्या मोठ्या दाहासाठी. बऱ्याच छोट्या लॅबमध्ये ती अजून स्लाइडवर होते. लॅटेक्सचा थेंब, सिरमचा थेंब, दोन मिनिटं हलवायचं आणि गुठळ्या दिसतात का बघायचं. त्या किटची मर्यादा साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटर असते. त्याच्या खाली सगळं "निगेटिव्ह". हृदयाच्या धोक्याचा विचार ज्या पट्ट्यात होतो तो १ च्या खाली, १ ते ३ आणि ३ च्या वर असा आहे. म्हणजे ज्याचा खरा आकडा ५ आहे, तो जास्त धोक्याच्या गटातला माणूस स्लाइडवर "निगेटिव्ह" घेऊन खुशीत घरी जाणार. म्हणून या शिबिरात साधी सीआरपी ठेवली तर पैसे पाण्यात.

एचएस-सीआरपीत मोजायचं प्रथिन तेच असतं, फक्त पद्धत ०.३ किंवा त्याहून खालपर्यंत नीट मोजणारी असते, इम्युनोटर्बिडिमेट्री किंवा नेफेलोमेट्री. लॅबला तीन गोष्टी विचारून घ्या: कुठल्या पद्धतीनं करता, सर्वांत कमी किती मोजता येतं, आणि एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) यादीत ही चाचणी तुमच्या नावावर आहे का. "आमची सीआरपी क्वांटिटेटिव्ह (आकड्यात येणारी) आहे" एवढ्यावर भागवू नका. क्वांटिटेटिव्ह असली म्हणून ती एचएस होत नाही.

एकक तर हमखास बघा. काही रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ०.४ प्रति डेसिलिटर म्हणजे ४ प्रति लिटर. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "चारावरून ०.४ वर आलं, औषध लागू पडलं" असं समजणारी शिकलेली माणसंही असतात.

आता त्या पॅकेजातलं बाकीचं.

ईएसआर (तांबड्या पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात ती चाचणी) नको. रक्तक्षय असला, वय वाढलं की ती आपोआप वाढते. नळी जराशी कलली तरी आकडा फुगतो. नमुना साध्या तापमानाला ठेवला असेल तर चार तासांत लावावा लागतो, आणि शिबिरात मांडवाखाली गरम टेबलावर नळ्या किती वेळ पडून राहतात ते आपल्याला माहीत आहे. हृदयाचा धोका ठरवायला तिचा उपयोगही नाही.

होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) तर शिबिरात घेऊच नका. रक्त काढल्यावर तांबड्या पेशी ते नळीत सोडत राहतात. नळी लगेच बर्फात ठेवून तासाभरात सिरम वेगळं केलं नाही, तर निरोगी माणसाचाही आकडा वाढलेला येतो. शिवाय आपल्याकडे ते वाढलेलं दिसतं तेव्हा बहुतेकदा बी-१२ ची कमतरता असते. बी-जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन खाली आणलं तरी हार्ट अटॅक कमी होत नाहीत, हे २००६ मध्ये आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं. डी-डायमर गुठळीची शंका असताना करायची चाचणी आहे, ती इथं कशाला? कोविडपासून लोकांच्या तोंडात बसलीय एवढंच.

उपाशीपोटाचं सांगतो. एचएस-सीआरपीला उपास लागत नाही. पण त्याच नळीतून लिपिड करायचंय आणि आपली माणसं सकाळी कट्ट्यावर म्हशीचं दूध मारून येतात. त्यावर ट्रायग्लिसराइड चढतं, सिरम दुधाळ होतं, आणि टर्बिडिमेट्रीत गढूळपणाच मोजायचा असल्यानं दुधाळ सिरम निकालात ढवळाढवळ करू शकतं. म्हणून १० ते १२ तास उपाशी बोलवा, पाणी पिऊ दे. बीपीची गोळी मात्र पाण्याबरोबर घेऊनच यायला सांगा. "तपासणी आहे म्हणून गोळी घेतली नाही" म्हणणारे निम्मे निघतात आणि मग तिथं मोजलेल्या बीपीला अर्थच राहत नाही. ज्यांना शुगर आहे त्यांनी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन रक्त दिल्यावर नाष्ट्याबरोबर घ्यायचं. त्यांना रांगेत पहिले घ्या.

रक्त काढताना माणूस पाच-दहा मिनिटं बसलेला असू दे, पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवायचा नाही. जास्त वेळ आवळला की रक्त दाटतं आणि कोलेस्टेरॉल थोडं जास्त दाखवतं. पिवळ्या झाकणाची जेलची नळी अर्धा तास उभी ठेवून गोठू द्या, मगच फिरवा. घाईत फिरवलं की फायब्रिनचे धागे राहतात, मशीनची सुई तुंबते किंवा कमी सिरम उचलते आणि निकाल खोटा येतो.

बायोप्सी_नको_बीपी_बघा (एमडी मेडिसिन)

वरच्या दादांनी लॅबची बाजू इतकी नीट सांगितली आहे की मी फक्त अर्थ लावण्याचं लिहितो.

बीपी आणि कोलेस्टेरॉल एकत्र असलं की दाह का वाढतो? बीपीमुळे धमनीच्या आतल्या अस्तरावर सतत ताण येतो. बीपीच्या आजारात बऱ्याच वेळा अँजिओटेन्सिन-२ (बीपी वाढवणारं संप्रेरक) जास्त कामाला लागलेलं असतं. ते अस्तराला चिडवतं आणि पांढऱ्या पेशींना चिकटायला जागा करून देतं. त्यातून एलडीएलचे (वाईट कोलेस्टेरॉलचे) कण अस्तराखाली शिरून अडकतात, त्यांचं ऑक्सिडेशन होतं, मॅक्रोफेज पेशी ते गिळतात. गिळलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक झाले की पेशीतली एक यंत्रणा जागी होते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन बाहेर पडतं. त्यामागोमाग इंटरल्यूकिन-६ वाढतं. ते रक्तातून यकृतापर्यंत गेलं की यकृत सीआरपी बनवतं. म्हणजे आपण मोजतो ते साखळीचं शेवटचं टोक.

आणि हेच इंटरल्यूकिन-६ पोटाच्या चरबीतूनही येतं, सुजलेल्या हिरड्यांतून येतं, गुडघ्यातून येतं, धूम्रपानातूनही येतं. म्हणून एचएस-सीआरपीचा आकडा "धमनीत किती दाह आहे" हे सांगत नाही. शरीरात कुठंतरी आहे, एवढंच सांगतो. जनुकीय अभ्यासांतून असंही दिसलंय की सीआरपी स्वतः आजार घडवत नाही. दोष साखळीत वरच्या बाजूला आहे. त्यामुळे सीआरपी खाली आणणारं काहीही दिलं म्हणजे हृदय वाचलं, असं होत नाही.

अमेरिकेतल्या २०१८-१९ च्या मार्गदर्शक सूचनांत २ किंवा त्याहून जास्त एचएस-सीआरपी हा "धोका वाढवणारा घटक" धरलाय. त्याचा वापर तिथं, जिथं स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू करावं की थांबावं हे बाकीच्या आकड्यांवरून ठरत नाही. २००८ च्या ज्युपिटर अभ्यासात एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ च्या वर असलेले १७,८०२ लोक होते. रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅमनं एलडीएल निम्म्यानं आणि सीआरपी ३७ टक्क्यांनी उतरली, आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. यात किती वाटा एलडीएलचा आणि किती दाहाचा, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकदम उतरले.

ते वेगळं झालं २०१७ च्या कँटोस अभ्यासात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब दिलं. एलडीएल जागचं हललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या गटात पुढच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे दाह खरंच कारणीभूत आहे. पण जंतुसंसर्गानं होणारे मृत्यूही वाढले. नंतर कमी मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटचा अभ्यास झाला, त्यात ना सीआरपी उतरली ना अटॅक. दाह कमी करणारी औषधं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे त्यातून शिकायचं.

शिबिरात येणाऱ्यांपैकी ज्यांची अँजिओप्लास्टी झालीय, अटॅक येऊन गेलाय किंवा बीपीबरोबर मधुमेह आहे, त्यांचं स्टॅटिन तसंही ठरलेलं आहे. एचएस-सीआरपी १ आली म्हणून ते बंद होणार नाही. त्यांच्या चाचणीचे पैसे वाचवा आणि त्याऐवजी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करा. हे गुणोत्तर ३० च्या वर येणं म्हणजे मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना मार बसायला लागलाय. बीपीच्या माणसात ही चाचणी सीआरपीइतकीच बोलकी आहे, आणि आपल्याकडे ती फारच कमी केली जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पेठेतली_सिस्टर

दोघांनाही मनापासून धन्यवाद. आता एक नमुना घेऊन विचारते, म्हणजे स्वयंसेवकांना शिकवताना उपयोग होईल. समजा ५२ वर्षांचा पुरुष. बीपी १४८/९२, बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० चालू. एकूण कोलेस्टेरॉल २२०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल १४२. एचएस-सीआरपी ४.६. शुगर नाही, अटॅक नाही, कोलेस्टेरॉलला अजून औषध नाही. याला काय सांगायचं?

बायोप्सी_नको_बीपी_बघा

आधी रिपोर्ट स्वतःशी जुळतो का बघा. २२० मधून ३६ वजा, त्यातून २१० चा पाचवा भाग म्हणजे ४२ वजा, राहिले १४२. जुळलं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतं तर या सूत्रानं काढलेलं एलडीएल धरायचं नव्हतं. एचडीएल सोडून बाकीचं कोलेस्टेरॉल १८४, तेही जास्तच.

मग ४.६. एका आकड्यावर काही ठरवायचं नाही. धडधाकट माणसातही हा आकडा काही आठवड्यांत तीस-चाळीस टक्के सहज हलतो. किमान दोन आठवड्यांनी, सर्दी-ताप नसताना पुन्हा करायची आणि दोन्हींची सरासरी धरायची. दुसरा आकडा २.८ आला तर सरासरी ३.७, गट तोच राहिला. पहिलाच आकडा १० च्या वर असता तर तो हृदयाच्या हिशेबात धरायचाच नाही. आधी संसर्ग किंवा दुसरा आजार शोधायचा.

पण या माणसात मला दुसऱ्या सीआरपीसाठी थांबायची गरज वाटत नाही. बीपी गोळी चालू असताना १४८/९२ आहे, एलडीएल १४२, एचडीएल कमी. स्टॅटिनचं कारण इथंच पुरेसं आहे. सीआरपीनं फक्त त्याला दुजोरा दिला. रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमनं एलडीएल साधारण ४५ टक्के उतरतं, म्हणजे १४२ वरून ७८ च्या आसपास. ७० च्या खाली न्यायचं तर डोस दुप्पट करून जेमतेम सहा टक्के आणखी मिळतात. त्यापेक्षा इझेटिमाइब १० (कोलेस्टेरॉलचंच दुसरं औषध) जोडलं की उरलेल्याचा पाचवा भाग आणखी जातो आणि आपण ६२-६३ वर येतो. आशियाई लोकांत रोसुवास्टॅटिनची रक्तातली पातळी जास्त चढते, म्हणून सुरुवात ५ किंवा १० नं. लिपिड पुन्हा ४ ते १२ आठवड्यांनी.

बीपीला टेल्मिसार्टनबरोबर अ‍ॅम्लोडिपिन ही दुसरी गोळी जोडावं का हे त्याचे डॉक्टर ठरवतील, पण त्याआधी घरचं बीपी हवं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसून, दंड छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १३५/८५ च्या वर असेल तर बीपी खरंच जास्त आहे. आणि तुमच्याकडे तालमीतली माणसं येणार, तेव्हा दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा वापरा. छोटा पट्टा आवळून मोजलं की बीपी फुकट जास्त दिसतं आणि माणसाला गोळी वाढवून मिळते.

एचएस-सीआरपी दर महिन्याला करत बसू नका. औषध तिच्यासाठी नसतं.

स्टेथो_रुईकर_कॉलनी (एमडी, डीएम कार्डिओ)

इथं मी सरांशी थोडा असहमत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीनं २०२५ मध्ये भूमिका घेतली आहे की एचएस-सीआरपी सरसकट करावी, आधी अटॅक येऊन गेलेल्यांतही. कारण असं की स्टॅटिन घेऊन एलडीएल उतरलेल्या लोकांमध्ये पुढचा धोका कोणाला जास्त हे उरलेल्या एलडीएलपेक्षा सीआरपी चांगलं सांगते. २०२३ मध्ये स्टॅटिन घेणाऱ्या ३१,२४५ लोकांचा एकत्रित आढावा आला, त्यातून हे दिसलं. अशा माणसात एलडीएल ६० आणि सीआरपी ४ असेल तर मला ते कळायला हवं. मग मी वजन, दात, झोपेतलं घोरणं, तंबाखू यांच्या मागे लागतो. काही निवडक रुग्णांत कॉल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या ०.५ मिलिग्रॅमचा विचार होतो. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. पण २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात अटॅकनंतर लगेच दिलेल्या कॉल्चिसिनचा फायदा दिसला नाही, त्यामुळे तो निर्णय दवाखान्यात, किडनी बघून. मूत्रपिंड कमजोर असताना किंवा क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर हे औषध जिवावर बेततं.

आणखी एक, शिबिरात जमलं तर लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) आयुष्यात एकदा करून घ्या. ते जन्मजात ठरलेलं असतं, उपास किंवा आहारानं फारसं बदलत नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर मुलांचीही तपासणी करायची.

बायोप्सी_नको_बीपी_बघा

सर, दवाखान्यात तुमचं म्हणणं मान्य. माझा आक्षेप शिबिरापुरता आहे. तिथं एकच नमुना, पाठपुरावा अर्धवट आणि मंडळाच्या खिशातले पैसे ठरलेले. त्यात लघवीतलं अल्ब्युमिन आधी बसवा, एवढंच. लायपोप्रोटीन-ए बद्दल सहमत.

काउंटरच्या_आतून (फार्मासिस्ट, राजारामपुरी)

सिस्टरांनी सुरुवातीलाच विचारलेली सुजेच्या गोळीची भीती अगदी खरी आहे, म्हणून फक्त तेवढंच लिहितो, पण कृपा करून हे शिबिरातल्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.

सीआरपी वाढली म्हणून डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, इटोरिकॉक्सिब यातली एकही गोळी घ्यायची नाही. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधांचा परिणाम मारतात. इटोरिकॉक्सिब तर बीपी १४०/९० च्या वर आणि ताब्यात नसेल तर द्यायचीच नसते. सर्वांत धोक्याचं त्रिकूट म्हणजे टेल्मिसार्टन, त्याच्याच गोळीत असलेलं लघवीचं औषध हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, आणि वरून वेदनाशामक. उन्हाळ्यात किंवा जुलाब झालेले असताना हे तिन्ही पोटात गेले तर मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं. सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, तेही बीपी वाढवतं. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटॅमॉलमध्ये सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी साधी गोळी घ्यावी.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या मिळतात, त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टिरॉइडनं सीआरपी झपाट्यानं उतरते, माणूस खूश होतो, आणि आतून बीपी, शुगर दोन्ही चढत जातात. कुणाची सीआरपी अचानक फार छान आली आणि बीपी बिघडलं, तर पहिला प्रश्न "पुडी कुठली घेता?" हाच विचारा.

हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलबद्दलही सांगा. भाजीतली हळद निर्धास्त खावी. पण काळ्या मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि हीच माणसं स्टॅटिनवर असतात. मग यकृताचे आकडे वाढले की दोष स्टॅटिनला देऊन तेच बंद करतात.

ताट_आणि_वाटी (आहारतज्ज्ञ)

सीआरपी उतरवणारा एखादा जादूचा पदार्थ नाही. खाण्यातून जे काही होतं ते मुख्यतः कमरेच्या घेरातून होतं. पोटातली चरबी स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडते, म्हणून वजन ५ ते १० टक्के उतरलं की सीआरपी, बीपी आणि ट्रायग्लिसराइड तिन्ही एकदम हलतात. शिबिरात वजनकाट्याबरोबर टेपही ठेवा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर म्हणजे लक्ष द्यायचं. मोजताना बरगडीचा खालचा काठ आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.

मिठाचा हिशेब महिन्याच्या सामानावरून करा, माणसं तिथं खोटं बोलत नाहीत. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर चार जणांना महिन्याला ६०० ग्रॅम. घरात किलोची पुडी महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलं, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण धरलेलंच नाही. आपल्याकडे खरडा, मिसळीचा कट, शेव आणि ताटातलं वरचं मीठ यातून बरंच जातं. कमी सोडियमचं मीठ परस्पर सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्या किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसात ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

तेल चार जणांना महिन्याला दोन लिटर. तांबड्या रश्श्यावरचा तवंग पळीनं काढून टाका, पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध आणि मटणाची चरबी दोन्ही असतात म्हणून वाटी एकच. म्हशीच्या दुधात साधारण साडेसहा टक्के स्निग्धांश, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात १६ ग्रॅम चरबी गेली, तीही बहुतेक संपृक्त. रोज रात्रीचा हा पेला सोडून साय काढलेल्या दुधावर आलं तरी महिन्यात अर्धा किलोच्या आसपास चरबी कमी पोटात जाते. गूळ साखरेपेक्षा पचायला बरा म्हणून वाट्टेल तितका खातात. ट्रायग्लिसराइड २०० च्या वर असलेल्यांनी दोन्ही सारखेच समजावेत. भाकरी ज्वारीची किंवा नाचणीची, आमटी हुलग्याची, यांचा हात धरा.

हिरडी (दंतवैद्य)

थोडक्यात लिहिते. ब्रश करताना रक्त, दात हलणं, हिरड्या सुटणं हे असलेल्या माणसाची एचएस-सीआरपी तोंडामुळेही वाढलेली असू शकते. हिरड्यांचे उपचार झाल्यावर ती काही प्रमाणात उतरते. बायकांना मिश्रीबद्दल वेगळ्यानं आणि प्रेमानं विचारा. "तंबाखू खाता का?" ला त्या "नाही" म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे.

पेठेतली_सिस्टर

मिश्रीचा प्रश्न फॉर्ममध्ये घातला. आता तारखेचं सांगा. गणेशोत्सवात गर्दी मिळते म्हणून मंडळ अडून बसलंय.

सिरम_शाहूपुरी

गणेशोत्सवात नकोच. पावसाळा संपता संपता घरोघरी डेंग्यू, चिकनगुनिया, व्हायरल चालू असतात. पंचगंगेला पूर येऊन गेला असेल तर लेप्टोही. संसर्ग सुरू झाल्यावर सहा-आठ तासांत सीआरपी चढायला लागते, दोन दिवसांत टोकाला जाते. मूळ कारण थांबलं की दर १९ तासांनी निम्मी होते, म्हणजे ४० वरची अडीचवर यायला तीन-सव्वातीन दिवस. पण कारण एकदम थांबत नाही. चिकनगुनियात सांधे आठवडेच्या आठवडे धरलेले असतात आणि आकडा रेंगाळतो. लिपिडचंही तेच, पण उलट्या दिशेनं. मोठ्या आजारपणात एलडीएल आणि एचडीएल दोन्ही खाली येतात. तापातून उठलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल "नॉर्मल" येतं आणि तो गोळी सोडतो. या एका कारणासाठी तरी मंडळाला पटवा.

दिवाळीचा फराळ उतरल्यावर, डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. तालमीतल्यांना आधीचे दोन दिवस जोर-बैठका आणि लढती बंद ठेवायला सांगा. जबर व्यायामानंतर सीआरपी तात्पुरती वाढते.

फॉर्मवर "मागच्या तीन आठवड्यांत" या मथळ्याखाली ताप, सर्दी, दातदुखी, जखम, लस आणि शस्त्रक्रिया विचारा. त्याखाली वेगळ्या ओळीत स्टिरॉइड, वेदनाशामक, पुड्या आणि बायकांसाठी हार्मोनच्या गोळ्या, कारण तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेननं सीआरपी वाढते आणि त्याचा धमन्यांच्या दाहाशी संबंध असेलच असं नाही. पहिल्या ओळीत एक जरी "हो" आलं तरी त्या दिवशी फक्त बीपी आणि लघवी, रक्ताला तीन आठवड्यांनी लॅबमध्ये यायची चिठ्ठी. हे लॅबशी आधीच ठरवून घ्या, नाहीतर ते नंतर वेगळे पैसे मागतात.

आणि १० च्या वर आलेला रिपोर्ट बाकीच्यांबरोबर पाकिटात घालून ठेवायचा नाही. त्याच दिवशी फोन करून विचारायचं: ताप येतो का, वजन उतरलंय का, खोकला दोन आठवड्यांच्या वर आहे का, कुठला सांधा सकाळी तासभर आखडलेला असतो का. यातलं काही असेल तर तो माणूस कोलेस्टेरॉलच्या यादीतून काढून आधी फिजिशियनकडे, खोकला असेल तर थुंकीच्या तपासणीला सीपीआर या सरकारी दवाखान्यात.